घरटी एकच गोष्ट

भाविका राऊतच्या कंपनीला पहिला नफा मिळवून दिला कोंबड्यांनी, आणि तो घालवलाही कोंबड्यांनीच. मधले चार आठवडे तिने जे सुख भोगलं ते मात्र अस्सल होतं.

कंपनीचं नाव ‘आळी’. भुईगाव, गास, राजोडी आणि आसपासच्या गावांतल्या माणसांसाठी काढलेलं फोनवरचं ॲप. कुणाची गाय सुटली, टँकर किती वाजता येणार, स्टेशनला निघालेल्या कुणाच्या रिक्षात एक जागा रिकामी आहे, कुणाकडे साखरपुडा, कुणाकडे बारावं. यातलं बारावं सगळ्यांत लोकप्रिय. सकाळी उठून त्या यादीत आपलं नाव नाही एवढी खात्री झाली की माणसं चहा घ्यायची. दोन हजार नऊशे घरांतले अकरा हजारांवर लोक ‘आळी’वर होते. कार्यालय होतं राऊतांच्या घरामागच्या खोलीत, जिथे भाविकाचे आजोबा सुकेळी वाळवायचे. खोलीतल्या संगणकालासुद्धा पिकल्या केळ्याचा वास यायचा आणि मे महिन्यात त्याच्यावर माश्या बसायच्या.

कंपनीत माणसं दोन. मालक भाविका, आणि तिचा चुलतभाऊ केयूर, जो ॲप लिहायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा बिघडवायचा. पैसे अंधेरीच्या एका गुंतवणूक कंपनीने घातले होते. करार साधा होता. आठव्या तिमाहीपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, एका तरी तिमाहीत नफा दाखवायचा. नाही दाखवला तर ‘आळी’, तिचं नाव आणि तिच्याकडे असलेली लोकांची सगळी माहिती अंधेरीची.

सात तिमाह्या तोट्यात गेल्या. केयूरने भिंतीवर आलेख लावला होता. तो इतका सरळ खाली जात होता की केयूरची आई एकदा म्हणाली, ‘‘बोअरिंगचा नकाशा आहे का रे? पाणी किती फुटांवर लागलं?’’

डिसेंबरात अंधेरीहून हर्षवर्धन आला. हा गुंतवणूकदारांचा माणूस. वय तिशीचं, बूट पांढरे. भुईगावच्या गल्लीत पांढरे बूट घालून येणारा एक तर नवरदेव असतो किंवा हा.

‘‘मॅडम, हा आमचा जाहिरातींचा जोड आहे,’’ तो म्हणाला. ‘‘ॲपला लावा. कोणाला काय हवंय ते तो ओळखतो आणि तशी जाहिरात आणतो. तुम्ही काहीच करायचं नाही.’’

काहीच करायचं नाही ही अट केयूरला फार आवडली. जोडाबरोबर चौसष्ट पानांच्या अटी होत्या आणि त्या दिवशी घरात त्याच्या मोठ्या बहिणीची हळद होती. केयूर मांडवातून उठून आला आणि पिवळ्या बोटाने ‘मान्य’ दाबून परत गेला. डाग अजून पडद्यावर आहे.

जानेवारीत एका दुपारी शेजारच्या शंकरकाकांनी दार लावून, पंखा मोठा करून, बायकोला हळूच विचारलं की मागची दहा गुंठे वाडी विकली तर? विचारलं फक्त. काकू म्हणाल्या, ‘‘वेड लागलंय का?’’ आणि विषय संपला. पंधरा मिनिटांनी अंगणापलीकडे राहणाऱ्या त्यांच्या भावाच्या, सदानंदकाकांच्या फोनवर ‘आळी’ने जाहिरात दाखवली: ‘भुईगावातली वाडी विकताय? आजच रोख भाव मिळवा.’ दोन्ही भावांचा वायफाय एकच होता. वाडीही एकच होती.

सदानंदकाका अंगण ओलांडून आले.

‘‘गिऱ्हाईक ठरलं का रे?’’

‘‘कसलं गिऱ्हाईक?’’

‘‘मला कशाला विचारतोस? फोनला सांगितलंस तेवढं मला सांग.’’

त्या दिवसापासून दोघे बोलेनासे झाले. अंगण एकच असल्यामुळे न बोलण्यासाठी दोघांना दिवसभर फार कष्ट पडत.

बातमी संध्याकाळपर्यंत राजोडीच्या किनाऱ्याला लागली. फोन ऐकतो! लोकांनी खात्री करून पाहिली. जागृती नावाच्या एका मास्तरीणबाईंनी फोनसमोर बसून दहा वेळा ‘हत्ती’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना हत्तीएवढ्या पाण्याच्या टाकीची जाहिरात आली. त्यांनी टाकी घेतलीही. पण बोलणं बंद केलं.

भाविकाने हर्षवर्धनला फोन लावला.

‘‘हे घरातलं बोलणं ऐकतंय?’’

‘‘ऐकत नाही मॅडम, समजून घेतं. पान एक्कावन्न. तुम्ही मान्य केलंय.’’

भाविकाने पान एक्कावन्न वाचलं. केयूरच्या पिवळ्या बोटाने तिने खरंच मान्य केलं होतं. तिला वाईट वाटलं, भीती वाटली, आणि मग तिने ठरवलं की जोड काढून टाकायचा. फक्त ३१ मार्च झाल्यावर. हे ठरवताना आरशात बघायचं तिने टाळलं. ते सोपं होतं, कारण कार्यालयात आरसा नव्हता.

आता कुणी म्हणेल, लोकांनी ॲप काढून का नाही टाकलं? काढलं असतं. पण मग कोण गेलं ते कळणार कसं? तेव्हा भाविकाच्या नर्मदाआत्याने उपाय काढला. आत्या भाविकाच्या वडिलांची थोरली बहीण. कंपनीत तिचे चार टक्के शेअर आणि बोलण्याचा शंभर टक्के अधिकार. घरात काही खासगी बोलायचं असलं की ती फोन उचलायची, मागल्या अंगणात जायची आणि कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवून यायची. ‘‘ऐक म्हणावं काय ऐकायचं ते,’’ असं म्हणायची. आठवडाभरात गावोगाव हीच रीत पडली. ज्यांच्याकडे खुराडं नव्हतं ते शेजाऱ्यांच्या खुराड्यात ठेवू लागले. आणि गावातली माणसं दिवसभर खासगीच बोलत असल्यामुळे फोन दिवसभर आतच राहू लागले.

अंधेरीच्या यंत्राने हे सगळं मनापासून ऐकलं आणि निष्कर्ष काढला की या भागातल्या दोन हजार सहाशे घरांत पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत कुक्कुटपालनाखेरीज दुसरा विषयच नाही.

जाहिरातींचा पूर आला. कोंबड्यांचं खाद्य, कोंबड्यांची लस, अंडी उबवायची यंत्रं, पिंजरे, पिंजऱ्यांचा विमा. बोली लावून जाहिरातींचे दर वाढले. भिंतीवरचा आलेख खोल विहिरीतून उसळी मारून वर आला. केयूरला वरती आणखी एक कागद चिकटवावा लागला. भाविकाने कार्यालयात नवा पंखा बसवला आणि त्याच्याखाली बसून नफा बघत राहिली.

‘‘मॅडम!’’ हर्षवर्धन फोनवर ओरडला. ‘‘तुम्ही पोल्ट्री हबवर बसलाय आणि मला सांगितलं नाही!’’

फेब्रुवारीच्या सतरा तारखेला सकाळी गल्लीत एक टेम्पो शिरला. खाद्यवाल्या एका कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकासाठी भेट पाठवली होती: एक टन खाद्य आणि दोन हजार पिल्लं. टेम्पोबरोबरच्या टायवाल्या माणसाने यादी बघितली आणि विचारलं, ‘‘श्रीमती नर्मदा पाटील कुठे भेटतील? या विभागातल्या पहिल्या क्रमांकाच्या पोल्ट्री उद्योजिका?’’

आत्या लसूण सोलत ओट्यावर बसली होती. तिच्याकडे सहा कोंबड्या आणि एक लंगडा कोंबडा.

‘‘मॅडम, रोजचं उत्पादन किती?’’

‘‘चार,’’ आत्या म्हणाली. ‘‘कधी तीन.’’

‘‘हजार?’’

‘‘अंडी.’’

तो माणूस फिरून फिरून चाळीस घरं बघून आला. परत आला तेव्हा टाय खिशात होता. टेम्पो पिल्लांसकट माघारी गेला, आणि दुपारी साडेतीनपर्यंत सगळ्या कुक्कुट कंपन्यांचे पैसे परत मागणारे मेल आले. पैसे परत केले तेव्हा आलेख होता तिथेच, किंबहुना थोडा आणखी खाली, जाऊन बसला. उरलेले दिवस बेचाळीस.

संध्याकाळी हर्षवर्धन स्वतः आला. त्याच्या बुटाला कसलं तरी पीस चिकटलं होतं.

‘‘पॅनिक नको,’’ तो म्हणाला. ‘‘लोकांना फोन परत घरात ठेवायला सांगा, बस्स. विश्वास कमवा. मी ओळ पण आणलीये: ‘आळी आपली, बोला मोकळं.’ तुमच्यावर विश्वास ठेवतील ते. तुम्ही घरच्या आहात.’’

भाविकाला तोवर असं वाटत होतं की आपली लढाई तोट्याशी आहे. ‘तुम्ही घरच्या आहात’ हे त्याने ज्या सुरात म्हटलं, तो सूर ऐकून तिला कळलं की अंधेरीवाल्यांनी पैसे ‘आळी’त घातले नव्हते; ते तिच्या घरचेपणात घातले होते.

‘‘केयूर,’’ ती म्हणाली, ‘‘जोड काढ.’’

‘‘एकतीस मार्चनंतर ना?’’

‘‘आत्ता. साहेबांसमोर.’’

‘‘ताई, मग उत्पन्न शून्य.’’

‘‘काढ.’’

केयूरने काढला. त्याला अकरा सेकंद लागले. हर्षवर्धनने शांतपणे बूट झटकला. ‘‘ठीक आहे मॅडम. मग एक एप्रिलला आम्हीच परत लावू,’’ असं म्हणून तो गेला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

रात्रीच्या जेवणाला आत्या होती. भाविका बराच वेळ भात चिवडत बसली. शेवटी म्हणाली, ‘‘चूक माझी आहे. पण आत्या, ॲप घेताना लोकांनीही ‘मान्य’ दाबलं होतं ना. मी विचारलं होतं.’’

आत्या घरच्या बोलीत पहिल्यांदा जे म्हणाली ते छापण्याजोगं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली ते असं:

‘‘बाय, लग्नाचं आमंत्रण कसं करतात?’’

‘‘घरी जाऊन.’’

‘‘घरी जाऊन काय सांगतात?’’

त्यांच्या गावांत आमंत्रणाला माप असतं. सांगायला गेलेला माणूस दारात उभा राहतो आणि स्वच्छ आवाजात माप सांगतो. ‘घरटी एक’ म्हणजे दर घरामागे एकाने यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. माप ऐकून घर ‘बरं’ म्हणतं, आणि मग त्या मापात कुणी चूक करत नाही.

‘‘गासच्या एका लग्नात घरटी एक सांगितलं असताना कोण चूलबंद जेवायला आलेलं?’’ आत्याने विचारलं.

‘‘त्याला वीस वर्षं झाली आत्या.’’

‘‘अजून बोलतात ना?’’

‘‘बोलतात.’’

‘‘मग तू तर न सांगता आलीस. दोन हजार नऊशे घरांत, चूलबंद, अंधेरीचे पाहुणे घेऊन. आणि दारात उभी राहून एकदा विचारलंस का?’’

भाविकाने भात तसाच ठेवला. तिने विचारलं, ‘‘घरटी एक मागितलं तर देतील?’’

‘‘काय एक?’’

‘‘एक गोष्ट. दर घरामागे एकच गोष्ट, जी ‘आळी’ला कळलेली चालेल. त्यांनी आपल्या तोंडाने सांगायची. बाकी काही ऐकायचं नाही, काही ठेवायचं नाही.’’

आत्याने पदर खोचला. ‘‘उद्या सकाळी सातला. पायात चपला बऱ्या घाल.’’

एका बाजूला भाविका आणि आत्या, दुसऱ्या बाजूला केयूर. रोज दोन्हीकडे मिळून सत्तर घरं. दारात उभं राहायचं, बसायचं नाही, आणि म्हणायचं: ‘‘आळीकडून विचारायला आलोय. घरटी एक.’’ लोक आधी हसले, मग विचारात पडले. आपल्या घराबद्दलची एकच गोष्ट जगाला सांगायची तर कोणती, असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. काही घरांत तीन तीन दिवस वाद झाले. राजोडीत एका घराने सांगितलं, ‘‘आमचा पंप आठवड्यातून दोनदा बसतो, लिहा.’’ गासमध्ये एकाने लिहायला सांगितलं, ‘‘मुलीला स्थळं बघतोय, पण मुलीला सांगू नका.’’ आतून मुलगी ओरडली, ‘‘ते खोडा! पत्रे गळतात ते लिहा!’’ पत्रे लिहिले. एका आजींनी सांगितलं, ‘‘मला मिक्सर नको. कुणी देऊ नका.’’ ही गोष्ट होती की इशारा, हे ठरेना, तरी लिहिली. एकोणीस घरांनी ‘काही सांगायचं नाही’ असं सांगितलं. तेही लिहिलं.

मग भाविका शंकरकाकांच्या दारात उभी राहिली. काका ओट्यावर होते. अंगणापलीकडे सदानंदकाका पेपर उलटा धरून वाचत होते.

‘‘काका, झालं त्यात चूक माझी होती,’’ भाविका म्हणाली. ‘‘तुमचं बोलणं मी बाहेर जाऊ दिलं.’’

काकांनी अंगणापलीकडे एकदा पाहिलं. मग पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘लिही. वाडी विकायची नाही.’’

भाविकाने लिहिलं. अंगण ओलांडलं. दुसरी चूल म्हणजे दुसरं घर.

‘‘माझंही तेच लिही,’’ सदानंदकाका म्हणाले, आणि पेपर सरळ केला. ‘‘आणि त्याला सांग, केळीला पाणी देऊन झालं असेल तर नळी इकडे टाक.’’

‘‘ही दुसरी गोष्ट झाली काका.’’

‘‘मग ती लिहू नकोस. नुसती सांग.’’

गोष्टी जमत होत्या, तसतशा त्या कामाला लावायच्या होत्या. पहिलं गिऱ्हाईक मिळालं भुईगावचा स्टॅनी. पंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान.

‘‘पंपवाली घरं किती?’’

‘‘एकशे बारा,’’ भाविका म्हणाली. ‘‘पण नावं मिळणार नाहीत. तू निरोप दे, आम्ही पोचवतो. ज्याला हवं तो तुला बोलावेल.’’

‘‘खरं बोलतात का ही घरं? गेल्या महिन्यात मला कोंबड्यांच्या लसीची जाहिरात आलेली. मी एकटा राहतो. मांजर आहे.’’

‘‘या वेळी त्यांनी स्वतः सांगितलंय.’’

एकशे बारापैकी चौऱ्याण्णव घरांनी स्टॅनीला बोलावलं. पाचव्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या पडवीतच झोपी गेला. अंधेरीचं यंत्र हजार माणसांना जाहिरात दाखवायचं तेव्हा त्यातली दोन फिरकायची. इथे पाचातली चार दार उघडून उभी होती. बातमी नालासोपाऱ्यापर्यंत गेली. पत्रेवाले आले, विहिरीवर जाळी बसवणारे आले, मोतिबिंदूवाले डॉक्टर आले. निरोपामागे दर चांगला मिळू लागला, कारण निरोप वाया जात नव्हता.

आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एक बिल्डर आला. त्याने ‘वाडी विकायची नाही’ असं सांगणारी घरं किती ते विचारलं.

‘‘चारशे सहा,’’ भाविका म्हणाली. ‘‘तुम्हाला काय उपयोग?’’

‘‘मॅडम, माझी सहा माणसं रोज घरोघर जाऊन चहा पितात आणि नकार घेऊन येतात. पेट्रोल माझं. तुम्ही त्या घरांना विचारा, की आमचा माणूस आला नाही तर चालेल का. चालेल म्हणाले तर त्यांच्या दारावर खूण करा. मी पैसे देतो.’’

म्हणजे एका माणसाने काही न विकण्यासाठी जाहिरातीचे पैसे भरले. केयूरने हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते दोन दिवस शोधलं आणि शेवटी ‘शांतता’ असा नवा रकाना केला. चारशे सहा घरं आनंदाने ‘चालेल’ म्हणाली. त्याचं ऐकून आणखी चार बिल्डर आले, आणि पाचांनी मिळून त्या तिमाहीतलं सर्वांत मोठं उत्पन्न दिलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी निकाल जाहीर करायचे होते. कंपन्या तिमाहीचे निकाल कसे जाहीर करतात हे आत्याला ठाऊक नव्हतं आणि तिने कुणाला विचारलंही नाही. तिने भुईगावचं मंगल कार्यालय घेतलं, आचारी सांगितला, वसईचा ब्रास बँड सांगितला आणि साऱ्या घरांना आमंत्रण केलं. घरटी एक. तरी हॉलबाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती.

व्यासपीठावर भाविका, केयूर, हिशेब तपासणारी सीए ॲनिशा, आणि कडेला हर्षवर्धन, मांडीवर कराराची फाइल घेऊन. नफा नसेल तर तो तिथूनच कंपनी घेऊन जाणार होता. किल्ल्या ठेवायला त्याने बॅगसुद्धा आणली होती.

भाविकाने कागद उघडला. ‘‘एकूण उत्पन्न,’’ तिने वाचलं आणि आकडा सांगितला. बँडने धडाक्यात वाजवलं. ‘‘पगारावरचा खर्च.’’ बँड वाजला. ‘‘घसारा,’’ ती म्हणाली. घसारा म्हणजे काय हे हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं, पण कर्णेवाल्यांनी त्याला असा काही मान दिला की मागच्या रांगेतले दोघे उठून नाचले.

‘‘थांबा,’’ हर्षवर्धन उभा राहिला. ‘‘घरोघरी फिरण्याचा खर्च यात नाहीये.’’

‘‘आहे,’’ ॲनिशा म्हणाली. ‘‘पान तीन. चपला, सहा जोड. चहा घरांनी पाजला. तो उत्पन्नात धरायचा असेल तर सांगा, नफा आणखी वाढेल.’’

हर्षवर्धनने पान तीन वाचलं. मग चार, मग पाच. हॉलमध्ये हजारभर माणसं त्याला वाचताना बघत होती. दुसऱ्यांकडून चौसष्ट पानं न वाचता मान्य करून घेणारा माणूस सहा पानं वाचायला पंचवीस मिनिटं घेऊ शकतो, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं. शेवटी त्याने फाइल मिटली, भाविकाजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘मॅडम, ही घरांची यादी. खरी माहिती आहे ही. याचे आम्ही कितीही देऊ. आज. चेक आहे.’’

भाविकाने माईक त्याच्या तोंडापुढे धरला. ‘‘मोठ्याने विचारा ना. त्यांचंच आहे.’’

हर्षवर्धनने हॉलकडे पाहिलं. पहिल्या रांगेत शंकरकाका आणि सदानंदकाका शेजारी शेजारी, हाताची घडी घालून बसले होते.

‘‘कुठे सही करू?’’ त्याने विचारलं.

‘‘इथे,’’ ॲनिशा म्हणाली, ‘‘आणि इथे. आणि हे इथे, की कंपनी भाविकाचीच राहिली.’’

त्याने तीन सह्या केल्या. आत्याने त्याला जेवूनच जायचं असा दम भरला. भाविकाने कागदाची शेवटची ओळ काढली. कागद केयूरने धरला.

‘‘कर भरल्यानंतरचा निव्वळ नफा,’’ तिने वाचलं, आणि बँडमास्तराला वाटलं झालं. ढोल, कर्णे, झांजा सगळे एकदम सुटले. भाविकाने आकडा सांगितला. कुणाला ऐकू गेला नाही. तिने पुन्हा सांगितला; लोक उभे राहून शिट्ट्या मारत होते. मग ती टेबलावर चढली, तोंडाभोवती हात धरले, आणि गेली दोन वर्षं जो आकडा म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती तो जोर लावून ओरडली: ‘‘सदतीस हजार चारशे दहा रुपये!’’

आणि मग, बँड थांबेना म्हणून, पुन्हा एकदा.